पुरेसे कोणाच्या मापाने? कल्याण परिसरातील अन्नशुद्धीचा प्रश्न

अन्न शुद्ध कशाने होते, हा प्रश्न भारतीय धर्मविचारात फार जुना असला, तरी त्याची उत्तरे बहुतेक वेळा अशा लोकांनी दिलेली आहेत, ज्यांच्या घरी निवड करण्याइतके अन्न होते. छांदोग्य उपनिषदाने चित्ताची शुद्धी आहाराच्या शुद्धीवर अवलंबून असल्याचे सांगितले आणि त्या विधानाचे पुढे दोन भिन्न अर्थ लावले गेले. शंकराचार्यांच्या मते आहार म्हणजे इंद्रियांनी आत घेतलेले सर्व विषय, त्यामुळे पाहिलेले आणि ऐकलेलेही त्यात येते. रामानुजाचार्यांच्या परंपरेने मात्र विचार ताटातल्या अन्नावर आणला आणि त्याचे तीन दोष मानले. पहिला जातिदोष, म्हणजे पदार्थाच्या मूळ स्वभावातच असलेला दोष, जसा कांदा-लसणात सांगितला जातो. दुसरा आश्रयदोष, म्हणजे अन्न ज्याच्या हातून येते त्याच्यामुळे लागणारा. आणि तिसरा निमित्तदोष, म्हणजे केस, धूळ, उष्टेपणा अशा कारणांनी बाहेरून येणारा. बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमेलगत, बसवकल्याण तालुक्यात असलेल्या मुडबीसारख्या गावात एखाद्या शेतमजुराच्या घरी या तीन कसोट्या लावल्या, तर ते घर तिन्हींत अडकते, कारण बुक्कीने फोडलेला कांदा हेच तिथे अनेकदा कोरड्यास असते, धान्य रेशनच्या दुकानातून किंवा मजुरीपोटी मिळेल त्याच्या हातून येते, आणि सकाळी थापलेली भाकरी रात्रीपर्यंत, कधी दुसऱ्या दिवशीपर्यंत पुरवावी लागते.

भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायातील आहारविचार या बाबतीत अधिक उदार वाटतो, निदान आरंभी. तिथे सात्त्विक आहाराची व्याख्या पदार्थांच्या नावांनी केलेली नसून परिणामांनी केली आहे: आयुष्य, बळ, आरोग्य, सुख आणि प्रीती वाढवणारे, रसाळ, स्निग्ध, टिकाऊ आणि मनाला रुचणारे ते सात्त्विक. ही व्याख्या आजच्या आहारशास्त्रज्ञालाही फारशी खटकणार नाही. अडचण पुढच्या दोन श्लोकांत येते, कारण फार तिखट, खारट आणि रुक्ष अन्न राजस ठरते आणि शिळे, रस गेलेले अन्न तामस ठरते, म्हणजेच कोरडी भाकरी आणि ठेचा एका वर्गात जातात, तर रात्रीची भाकरी त्याखालच्या वर्गात. ‘यातयाम’ या पदाचा अर्थ शिजवून एक प्रहर उलटलेले अन्न असा पुष्कळांनी केला. शंकराचार्यांनी तो अर्धवट शिजलेले असा केला, आणि तो घेतला तर शिळेपणाचा एक आरोप तरी कमी होतो. पण वर्गीकरणाचा रोख त्याने बदलत नाही. ज्याच्याकडे तूप आहे त्याचा आहार स्निग्ध असतो आणि म्हणून सात्त्विकही. तेव्हा सत्त्वगुण काही अंशी वाणसामानाच्या खर्चावर अवलंबून राहतो काय, हा प्रश्न टाळता येत नाही.

या प्रश्नाचा विचार करायला मुडबीचा परिसर विशेष सोयीचा आहे, कारण ज्या नगराला आज बसवकल्याण म्हणतात, त्या चालुक्यांच्या राजधानी कल्याणमध्ये सुमारे शंभर वर्षांच्या आत अन्नाकडे पाहण्याच्या तीन अगदी वेगळ्या दृष्टी उभ्या राहिल्या. सहावा विक्रमादित्य (कारकीर्द १०७६ ते ११२६) याच्या आश्रयाने विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्य स्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिली, जी पुढे वारसाहक्काच्या कायद्यासाठी बंगाल-आसाम वगळता बहुतेक देशभर प्रमाण मानली गेली. विक्रमादित्याचा मुलगा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११३०च्या आसपास मानसोल्लास हा ग्रंथ सिद्ध केला, ज्यातील अन्नभोगाच्या प्रकरणात वडे, मांडे, नाना प्रकारची मांसे आणि शेतातले उंदीर भाजण्याची रीतसुद्धा आहे. राजाच्या ताटाला जातिदोष फारसा लागत नसावा, एवढेच त्यावर म्हणता येईल. तिसरी दृष्टी त्यानंतर एका पिढीने, राजा बिज्जळाच्या काळात, अंगणात सांडलेले तांदूळ वेचणाऱ्या एका जोडप्याची आहे, आणि या लेखाचा मुख्य विषय तीच आहे. तिच्याकडे वळण्यापूर्वी मिताक्षरेतील दोन स्थळे पाहणे आवश्यक आहे.

पहिले स्थळ शिळ्या अन्नाचे. याज्ञवल्क्य स्मृती शिळे अन्न निषिद्ध मानते, परंतु त्याला अपवादही देते: तेल-तुपाने माखलेले अन्न बराच काळ ठेवलेले असले तरी खाण्यास योग्य आहे, आणि गहू, जव व दूध यांपासून केलेले पदार्थ तर स्नेह नसतानाही चालतात. नियम व्यवहार्य आहे. जे टिकते ते खावे, असा त्यामागचा अनुभव दिसतो. मात्र या यादीत ज्वारी नाही. सोलापूरपासून कलबुर्गीपर्यंतच्या पट्ट्यात ज्वारीची भाकरी पातळ थापून, तव्यावर भाजून, नंतर पूर्ण वाळेपर्यंत ठेवून कडक भाकरी केली जाते, जी पापडासारखी मोडते, आठवडेच्या आठवडे टिकते आणि आमटीत किंवा दह्यात कुस्करून खाल्ली जाते. टिकाऊपणाच्या कसोटीवर तिने गव्हाच्या कोणत्याही पदार्थाला मागे टाकावे, पण सवलत द्यायला बसलेल्यांच्या नजरेसमोर हे धान्य नव्हते. नियम करणाऱ्याच्या स्वयंपाकघराची मर्यादा नियमाला पडते, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचित सापडते.

दुसरे स्थळ साठ्याचे आहे आणि ते अधिक महत्त्वाचे आहे. त्याच स्मृतीत गृहस्थाश्रमी ब्राह्मणाच्या उपजीविकेची एक उतरंड आहे: कणगीभर धान्य बाळगणारा, मडकेभर बाळगणारा, तीन दिवसांपुरते बाळगणारा, उद्यासाठी काहीच न ठेवणारा, आणि शेवटी शिलोंछावर जगणारा. शिल म्हणजे कापणीनंतर शेतात पडलेली कणसे उचलणे आणि उंछ म्हणजे एकेक दाणा टिपणे. मराठवाड्यात आणि त्याला लागून असलेल्या मुलखात यालाच सरवा वेचणे म्हणतात. या यादीतला प्रत्येक पुढचा हा मागच्यापेक्षा श्रेष्ठ असे स्मृती सांगते, म्हणजे सरवा वेचणारा सर्वांत वरचा. कल्याणच्या राजसभेत बसलेल्या पंडिताने ज्या वृत्तीला आदर्श म्हणून मान्यता दिली, तीच वृत्ती त्याच नगरात पुढे कोणी खरोखर आचरताना दिसावी, हा योग इतिहासात सहसा येत नाही.

आयदक्की मारय्या आणि लक्कम्मा हे दांपत्य रायचूरकडच्या लिंगसुगूर भागातून कल्याणला आले, अशी परंपरा आहे. आयदक्की म्हणजे वेचलेला तांदूळ. शिवभक्त शरणांचे अग्रणी बसवण्णा यांच्या महामनेच्या, म्हणजे जिथे या शरणांचे येणे-जाणे आणि जेवण चाले त्या मोठ्या घराच्या, अंगणात सांडलेले दाणे वेचून आणणे हा मारय्यांचा कायक होता. कायक ही शरणांची संकल्पना समजावून घ्यावी लागते: शरीराने केलेले, कोणालाही न फसवणारे आणि स्वतःच्या पोटापलीकडे इतरांनाही पुरणारे काम म्हणजे कायक, आणि अशा कामातून आलेले अन्न लिंगाला अर्पण केले की ते प्रसाद होते. या व्याख्येत पदार्थाचे नाव नाही आणि हाताची जातही नाही; जातिदोष आणि आश्रयदोष या दोन्ही कसोट्या इथे बाजूला पडतात आणि अन्न कोणत्या श्रमातून आले ही एकच कसोटी उरते. चोळ राजाच्या पक्वान्नांपेक्षा अंत्यज मानलेल्या मादार चन्नय्यांची आंबील शिवाला अधिक रुचल्याची जी कथा शरण परंपरेत सांगतात, तिचा अर्थही हाच आहे.

एके दिवशी मारय्या नेहमीपेक्षा जास्त तांदूळ घेऊन आले. कथेच्या एका पाठात बसवण्णांनीच परीक्षा पाहण्यासाठी जास्त दाणे सांडवले होते. लक्कम्मांनी ते पाहून विचारले की हा अधिकचा तांदूळ कशासाठी, आणि आशा ही राजांना असते, भक्तांना तिचे काय काम, अशा आशयाचे बोलून उरलेले दाणे होते तिथे परत टाकून यायला सांगितले. पंधराव्या शतकात संकलित झालेल्या शून्यसंपादने या शरणांच्या संवादग्रंथात या दांपत्याच्या संवादाला स्वतंत्र प्रकरण आहे आणि लक्कम्मांची काही वचनेही आज उपलब्ध आहेत, ज्यांत कायकात चूक करणाऱ्या नवऱ्याला समजावणारा त्यांचा स्वर स्पष्टपणे ऐकू येतो. शिलोंछ आणि आयदक्की यांतला फरक इथे लक्षात येतो. स्मृतीतला सरवा वेचणारा एका वर्णाचा पुरुष असून त्याने श्रेष्ठ होण्यासाठी ती वाट निवडलेली असते. लक्कम्मांच्या घरी मात्र माप ठरवणारी व्यक्ती स्वयंपाक करणारी बाई आहे, आणि तिने ठरवलेले माप घरातल्या तोंडांचे आणि दारी येणाऱ्या जंगमांचे मिळून आहे.

या प्रसंगाचा उपयोग गेली अनेक शतके समाधानाच्या उपदेशासाठी होत आला आहे, आणि तिथेच सावध व्हावे लागते. ज्याच्याकडे कमी आहे त्याला ‘लक्कम्मांना पाहा, त्यांनी जास्तीचे परत केले’ असे सांगणे सोपे असते, पण परत करण्यापूर्वी त्यांच्या घरी पुरेसे होते ही अट अशा सांगण्यातून गळून पडते. महाभारताच्या आश्वमेधिक पर्वात उंछवृत्तीने जगणाऱ्या कुरुक्षेत्रातील एका ब्राह्मण कुटुंबाची गोष्ट आहे, जिच्यातल्या मुंगसाचे अर्धे अंग सोन्याचे होते. दुष्काळात मिळालेल्या थोड्याशा सातूतला आपापला वाटा ते कुटुंब एकेक करून पाहुण्याला देते. बायको आणि सून यांचा वाटा घेताना मात्र तो गृहस्थ कचरतो, कारण त्या आधीच उपवासांनी खंगलेल्या असतात. गोष्ट त्याचा संकोच ओलांडून पुढे जाते आणि सर्वांना स्वर्ग मिळतो. परंतु तो संकोच हाच त्या कथेतला सर्वांत विचार करायला लावणारा भाग आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयग्रस्त आढळल्या, आणि सर्वांना वाढून उरलेले खाण्याची रीत ज्या देशात अजून पाळली जाते तिथे या आकड्याचे एक कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. संतोष हा सद्गुण असेल, तर तो भरल्या शरीराचा सद्गुण आहे. उपाशी शरीराला तो शिकवणे म्हणजे त्याच्याकडून आणखी एक घास काढून घेणे होय.

शरीराला नेमके काय लागते, हे या भागाच्या जुन्या ताटावरून बऱ्यापैकी सांगता येते. शाळू ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण किंवा आमटी, अंबाडीची भाजी आणि जवसाची किंवा कारळाची चटणी, असे ते ताट. अंबाडीला सीमेवरची माणसे पुंडी म्हणतात; तिचा पाला उकडून, पाणी पिळून, त्यात तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्या शिजवून घोटतात आणि वरून करडईच्या तेलात तडतडलेल्या भरपूर लसणाची फोडणी ओततात. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते आणि डाळीत ते भरपूर असते, डाळीत जे कमी असते ते ज्वारीत मिळते. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे दहा ग्रॅम आणि शंभर ग्रॅम तूरडाळीत वीस ग्रॅमांहून थोडी अधिक प्रथिने असतात, पण आकड्यांपेक्षा त्यांचे एकत्र येणे महत्त्वाचे आहे. चिवळ, तांदुळजा, पाथरी अशा पालेभाज्या पावसाळ्यात आणि हिवाळ्यात बांधावर फुकट मिळतात. लिंबू पिळलेले असेल तर धान्यातले लोह अधिक शोषले जाते. जेवणाला लागून चहा घेतला तर ते शोषण कमी होते. हे ताट स्वस्त होते, त्या मातीतले होते आणि गीतेच्या परिणामवाचक व्याख्येत नीट बसत होते.

तरीही त्याचा गौरव बेतानेच करावा. हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत (आजच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत) सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या सुमारास दाखवून दिले की दख्खनमध्ये केवळ ज्वारीवर गुजराण करणाऱ्या गरिबांना पेलाग्रा होत असे. या रोगात उन्हाला उघडी राहणारी त्वचा काळवंडून सोलते, जुलाब लागतात आणि बुद्धीला भ्रम होतो. ज्वारीतील ल्यूसिन या अमिनो आम्लाचे जास्त प्रमाण त्याला कारणीभूत असावे, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे भाकरी चांगली होती, पण तिच्यासोबतची आमटी आणि भाजी हटली की तीच भाकरी अपुरी पडत होती. आणि आधी हटते ती डाळच. कलबुर्गीच्या तुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तो जिल्हा तुरीचे कोठार म्हणून ओळखला जातो. पण २०१५ साली तूरडाळ किलोमागे दोनशे रुपयांवर गेली तेव्हा तूर काढणाऱ्या मजुराच्या घरीही वरण पातळ झाले असेल, हे सांगायला पाहणीची गरज नाही.

दरम्यानच्या शतकांत धान्याचे मोलही उलटले. बाराव्या शतकातल्या कल्याणच्या कोरडवाहू मुलखात तांदूळ हे प्रतिष्ठेचे धान्य असावे, म्हणूनच तो मोठ्या घराच्या अंगणात वेचावा लागत होता. आता राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानुसार (२०१३) पात्र कुटुंबांना दरमहा माणशी पाच किलो धान्य मिळते, २०२३ पासून ते मोफत आहे, आणि कर्नाटकाच्या अन्नभाग्य योजनेने त्यात भर घातली आहे; या धान्यात मुख्यतः तांदूळ असतो. खरिपात सोयाबीन पसरल्यामुळे ज्वारीचे क्षेत्र आकसले आणि ती पिकवणाऱ्यालाही आता पुष्कळदा बाजारातून विकत घ्यावी लागते. सरकारच्या हिशेबात पुरेसे म्हणजे काय, याचे माप १९७९ साली नियोजन आयोगाच्या कार्यगटाने ग्रामीण भागासाठी दिवसाला २४०० आणि शहरी भागासाठी २१०० कॅलरी असे बसवले होते. पांढऱ्या तांदळाने कॅलरी भरून निघतात. प्रथिने, लोह आणि जीवनसत्त्वे भरून निघत नाहीत. रेशनमुळे भूक हटली आहे, हे मान्य करायलाच हवे, आणि ज्यांनी १९७२चा दुष्काळ पाहिला त्यांना ते पटवून द्यावे लागत नाही. पण ‘पुरेसे’ हा शब्द इथे पुन्हा दुसऱ्याने, दुरून, एकाच आकड्यात ठरवलेला आहे.

दुसऱ्याच्या ताटाचे माप धर्माने ठरवावे काय, हा वाद या भागात अगदी अलीकडे उघडपणे झाला. डिसेंबर २०२१ मध्ये कर्नाटक सरकारने कुपोषण अधिक असलेल्या उत्तरेकडील सात जिल्ह्यांत, ज्यांत बीदर आणि कलबुर्गी दोन्ही होते, शाळेतल्या मध्यान्ह भोजनात उकडलेले अंडे देण्यास सुरुवात केली, आणि न खाणाऱ्या मुलांना केळे किंवा चिक्की देण्याची सोय ठेवली. काही लिंगायत मठाधीशांनी त्याला विरोध केला. त्यांचे म्हणणे केवळ अहिंसेचे नव्हते. एकाच पंगतीत काहींना अंडे आणि काहींना केळे दिल्याने मुलांमध्ये भेद पडेल, असा समतेचा मुद्दाही त्यात होता, आणि पंक्तिभेद मोडण्याच्या परंपरेत वाढलेल्यांनी तो मांडणे समजण्यासारखे आहे. शेंगदाण्याच्या चिक्कीतून प्रथिने मिळतात हेही खरे. मात्र अंड्यात सुमारे सहा ग्रॅम पूर्ण प्रथिने असतात, शिवाय वनस्पतिजन्य अन्नात नसणारे ब-१२ जीवनसत्त्व असते; केळ्यात प्रथिने जेमतेम ग्रॅमभर. ज्या घरी दूध विकत घेणे परवडत नाही तिथल्या मुलासाठी हा फरक लहान नाही.

पोषणाचा भाग बाजूला ठेवला, तरी धर्मविचाराच्या दृष्टीने इथे एक गफलत दिसते. मांस-अंडे वर्ज्य करणे हे व्रत आहे आणि व्रताचे सारे मोल ते स्वतःच्या ताटावर घातलेले बंधन असण्यात आहे. लक्कम्मांनी परत पाठवलेला तांदूळ त्यांच्या स्वतःच्या घरचा होता. शेजारणीच्या सुपातला तांदूळ ओतून देण्याचा हक्क त्यांनी सांगितला नाही. मठाचे व्रत शाळेच्या पंगतीवर लादले की त्याचे व्रतपण संपते आणि उरते ती बंदी. भेद टाळायचा मार्गही मग सर्वांच्या ताटातून अंडे काढणे हाच एक आहे असे होत नाही; न खाणाऱ्याला तितक्याच मोलाचा पर्याय देणे हाही आहे, आणि तो महाग असल्यामुळेच कदाचित त्याची मागणी कमी जोराने झाली. पुढे ही योजना सगळ्या राज्यात लागू झाली आणि वाद मागे पडला, सुटला असे म्हणता येत नाही.

शरणविचारात कायकाच्या जोडीला दासोह येतो. देणाऱ्याने स्वतःला दास समजून, मिळवलेल्यातला वाटा समाजाला परत करणे, असा त्याचा अर्थ आहे. दानात देणारा वर आणि घेणारा खाली असतो, दासोहात ही पातळी उलट व्हावी अशी अपेक्षा असते. कलबुर्गीचे शरणबसवेश्वर (१७४६ ते १८२२) यांची कीर्ती मुख्यतः दासोहाचीच आहे आणि बसवकल्याण तालुक्यातील लाडवंती येथे १८१७ साली जन्मलेल्या माणिकप्रभूंच्या हुमनाबादजवळच्या माणिकनगरातही अन्नदानाची परंपरा चालत आली आहे. व्यवहारात या पंगतींना कणगीवाल्यांच्या देणग्या लागतात, आणि मग देणगीदाराचे नाव फरशीवर कोरले जाते. दासपणाचे काय होते ते त्या फरशीने सांगावे.

शेतकरी घरांत याच वृत्तीचा एक दिवस पंचांगात आहे. मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला लातूर, धाराशिव, बीदर आणि कलबुर्गी या पट्ट्यातली माणसे शेतात जातात, कडब्याची कोप उभारून पांडव पूजतात आणि येईल त्याला जेवू घालतात. त्या दिवशीच्या भज्जीत ओली तूर, हरभरा, वाटाणा, पावटा, गाजर, बोरे, मेथी, कांद्याची पात असे शेत-बांधावर जे काही असेल ते सारे बेसनात शिजते, सोबत बाजरीचे उंडे आणि रात्रभर आंबवलेल्या ज्वारीची थंड आंबील. या जेवणात अनेक प्रकारच्या शेंगा-डाळी, आंबवलेले धान्य आणि ताजा भाजीपाला एकत्र येतो. आहारशास्त्राने मुद्दाम आखले असते तरी याहून फार वेगळे ताट निघाले नसते. ज्याला शेत नाही तो दुसऱ्याच्या शेतात जेवतो आणि त्याला कोणी किती वाढावे याचे माप त्या दिवशी धरले जात नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तो तूर काढायला मजुरीवर जातो, आणि त्या मजुरीत आठवड्याला किती डाळ बसते, हे बाजाराचा त्या दिवसाचा भाव ठरवतो.